माझ्या पोटातली वाडी

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला सुक्या बोंबलाचा वास येतो. वासाचं कारण सांगतो, पण आधी जन्माचं सांगू दे.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. आम्ही हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होतो, सगळ्यांची तोंडं सारखी. मग अंधार, मग ट्रक, मग पुन्हा अंधार. डोळा उघडला तो थेट वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात. समोर विकी उभा होता. तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "आईशप्पथ!" माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच काहीतरी बोललं होतं. मी भारावून गेलो.

विकीचं घर उमेळ्याला. वडील धर्मा रिक्षा चालवतात, आई कृष्णाबाई घर चालवते. पूर्वी त्यांची वाडी होती. केळी, भाजी, विहीर, कोंबड्या, मधोमध एक फणस. वाडी बिल्डरला दिली, तिथे सात मजले उभे राहिले आणि या तिघांना दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. कृष्णाबाईच्या हिशेबाने तिचं स्वयंपाकघर म्हणजे बरोबर फणसाचा शेंडा. ती अजूनही खिडकीतून वाकून बघते तेव्हा एक हात हवेत धरते, फांदी धरल्यासारखा.

सोसायटीत कोंबड्या पाळायला बंदी आहे. सेक्रेटरी स्वतः दर रविवारी दोन किलो कोंबडी घेऊन येतो, पण ती आरवत नाही म्हणून चालते.

विकी गेमचे रिव्ह्यू करायचा. आता तो कामणच्या गोदामात नोकरीला आहे, पण संध्याकाळी घरी आला की तोंडही न धुता व्हिडिओ करायला बसतो. "भावांनो, ग्राफिक्स एक नंबर, कंट्रोल मख्खन, ॲड म्हणजे डोक्याला शॉट!" चार मिनिटं खेळायचं आणि दहा मिनिटं मत द्यायचं, अशी त्याची पद्धत. एकदा त्याने चुकून टॉर्च लावायच्या ॲपचा रिव्ह्यू केला. "गेम जरा स्लो आहे, पण लायटिंग खतरनाक!" त्याला चार तारे दिले. मित्रांनो, मी थक्क झालो. माणसाला काहीही कळलेलं नसताना इतकं बोलता येतं, ही शक्ती कुठल्याही मशीनमध्ये नाही.

पुढे विकीने नवा फोन घेतला आणि मी कृष्णाबाईकडे आलो. पण माझी नोकरी सुटली नाही. विकीने नवं सदर काढलं, "आपल्या डबड्यावर चालतो का?" नवा गेम जुन्या फोनवर चालतो की नाही ते बघायचं. डबडं म्हणजे मी. लोकांना हे फार आवडलं. इतकी वर्षं काम करून मला नाव मिळालं ते हे.

आता बोंबलाचं. कृष्णाबाईच्या हातून मी एकदा बादलीत पडलो. विकी गोदामात होता. मर्सीच्या फोनवरून त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तांदळात ठेव." मर्सी म्हणजे शेजारच्या आळीतली, कृष्णाबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. लाईट गेलेली, डबे सगळे सारखे. दोघींनी मिळून मला सुक्या बोंबलांत पुरलं. दोन दिवसांनी बाहेर आलो तेव्हा मी जिवंत होतो आणि बिल्डिंगमधलं मांजर माझ्या प्रेमात होतं. ते अजून आहे.

त्याच सुमारास विकीने माझ्यावर 'टिंगू फार्म' नावाचा गेम टाकला. शेतीचा गेम. चार मिनिटं खेळला, म्हणाला, "लहान पोरांसाठी ठीक, दोन स्टार," आणि काढायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई स्वयंपाकघरात होती आणि माझ्या पोटातून आवाज आला. क्वॉक, क्वॉक. तिने आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे.

"अवो, मोबाईलमधी कोंबडी हाय."

धर्मा पेपर वाचत होता. "असंल. आता सगलं मोबाईलमधीच असते."

तिने बोट लावलं. तिच्या बोटांनी आयुष्यभर चिखल, कोयता आणि चूल पाहिलेली. माझ्या काचेला ती बोटं धड ओळखूच येत नव्हती. तिने पदराने बोट पुसलं, जिभेला लावलं, पुन्हा ठेवलं. आणि हिरवीगार वाडी उघडली. तिने गॅस बंद केला आणि वाकून बघत राहिली. मी माझी घंटी दाबून धरली.

गेममधला बाण लगेच नाचायला आणि ओरडायला लागला. 'भात पेरा! आता पेरा!'

"चैतात भात कोन पेरतो? येडा हाय काय हा?" म्हणाली आणि तिने पेरलं नाही. बाण दोन महिने नाचत राहिला. ज्येष्ठात तिने पेरलं, तर आठ सेकंदांत पीक तयार. तिने ते दसऱ्यापर्यंत कापलं नाही. अमावस्येला ती बैलाला हात लावू देत नसे. मित्रांनो, तो गेम माणसांनी पटापट टपटप करावी म्हणून बनवलेला होता. त्या बिचाऱ्या गेमला पहिल्यांदाच शेतकरी भेटला.

मग गेमने सांगितलं, 'दहा कोंबड्या विका आणि पुढच्या पातळीवर जा.'

"अंडी देनारी कोंबडी कोन इकते?" झालं. ती सहाव्या पातळीवरच राहिली. कोंबड्या अंडी घालत राहिल्या, अंड्यांतून कोंबड्या येत राहिल्या. एकही कोंबडी न विकणारं माणूस असेल, असं गेम बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कोंबड्या दोनशेच्या वर गेल्या. सगळ्यांना नावं. भुरी, तुरेवाली, नाचरी. एक कोंबडा छाती काढून उगाच फेऱ्या मारायचा, त्याचं नाव सेक्रेटरी.

एकदा चांदीप गावी नात्यातली हळद होती. मांडवात बायकांची गाणी रंगात आलेली आणि मी थरथरलो. गेमचा बोलका निरोप आला, 'आपला कोंबडी भुकेला आहे! त्वरा करा!'

"बोलता नीट येत नाय बिचारीला, पन बोलते तरी," कृष्णाबाई म्हणाली आणि हळदीच्या हातानेच उठली. "कोंबड्या उपाशी हायत!" ते ऐकून नवरीचा मामा उठला, चार पोरं उठली, सगळे घरामागच्या खुराड्याकडे धावले. खुराडं रिकामं होतं, कारण कोंबड्या दुपारीच आचाऱ्याकडे गेलेल्या. कोंबड्या चोरीला गेल्या म्हणून अर्धा तास आरडाओरडा झाला. तेवढ्या वेळात कृष्णाबाईने मांडवाच्या कोपऱ्यात बसून दोनशे जणींना दाणे टाकले. मी हळदीने पिवळा झालो होतो, पण सांगतो, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पण दोनशे कोंबड्या पोटात बाळगणं सोपं नाही. मी तव्यासारखा तापायला लागलो. विकी माझ्यावर कुठलाही गेम टाकायचा आणि तो अडकायचा. रेसिंगची गाडी अंबाडी रोडच्या ट्रॅफिकमध्ये सापडल्यासारखी उभी. "लॅग होतो भावांनो! एक स्टार!" असे त्याने कितीतरी गेम पाडले. शेवटी पुण्यातल्या दोन भावांनी त्याला लिहिलं, 'दादा, आमचा गेम याहून जुन्या फोनवर चालतो. तुमच्या फोनमध्ये दुसरं काय चालू आहे ते बघाल का?'

विकीने बघितलं.

"आये! हे काय हे? मी लोकांचे गेम पाडतोय, आणि आत ही जत्रा! डिलीट मारतो मी हे."

"हात लावलास तर जेवन वाढनार नाय."

"अगं चित्रं आहेत ती!"

"मग तुझी मोटार काय पेट्रोलवर चालते?"

धर्माने पेपर खाली केला. "विक्या, वाडी दिली तवा सा महिने हिने मला धड वाढलं नवतं. तुझं तू बघ."

त्याच आठवड्यात गेमचा लेखी निरोप आला. विकीने तो वाचला आणि मला पालथं ठेवलं.

"काय लिवलंय?"

"काय नाय. ॲड आहे."

"तुझ्या तोंडावर दिसते ना काय हाय ते. वाच."

त्याने वाचलं. 'प्रिय शेतकरी, टिंगू फार्म या महिनाअखेरीस बंद होत आहे. आठवणी आपल्यासोबत राहतील.'

"आनि कोंबड्या?"

"त्या पण बंद."

"म्हंजे कुटं नेनार त्यांना?"

"कुठेच नाय, आये. स्विच ऑफ."

कृष्णाबाई खाली बसली. खरी वाडी गेली तेव्हा तिने तिच्या खऱ्या कोंबड्या विश्वासाने मर्सीकडे दिल्या होत्या. मर्सीने नाताळात त्यांचा रस्सा केला आणि शेजारधर्म म्हणून एक वाटी इकडेही पाठवली. "दोन तर म्हाताऱ्याच होत्या गो कृष्णे!" असं मर्सी आजही सांगते. कृष्णाबाई त्या वाटीबद्दल कधी बोलत नाही. पण तेव्हापासून तिने कोंबडी खाल्लेली नाही.

"लिव," ती विकीला म्हणाली. "तू लिवतोस ना सगल्यांचं, आता माझं लिव."

आणि माझ्या काचेवर विकीने तिचा रिव्ह्यू लिहिला. 'वाडी चांगली आहे. माती चांगली आहे. पाऊस वेळेवर पडत नाही, बघून घ्या. कोंबड्या कोणाकडे देणार ते कळवा. भुरीला एका डोळ्याने कमी दिसतं, तिला दाणे डाव्या बाजूला टाकावे लागतात. खाणाऱ्याकडे देऊ नये. आपली, कृष्णाबाई.'

"आणि स्टार? एक देऊ?" विकीने विचारलं.

"पाच दे."

"अगं, बंद करतायत ते!"

"जायला निघालेल्या पाव्हन्याला नावं ठेवायची काय?"

मित्रांनो, माझ्यावरून विकीचे शेकडो रिव्ह्यू गेले. ग्राफिक्स, कंट्रोल, साऊंड, सगळ्यांची चौकशी झाली. आत राहणाऱ्यांची चौकशी करणारा हा पहिलाच. माझी काच भरून आली, असं म्हटलं असतं, पण ती भाताची वाफ असेल.

उत्तर लगेच आलं. इतकं लगेच, की कुणी वाचलं नसणार हे मलासुद्धा कळलं. 'प्रिय कृष्णाबाई, आपल्याला आनंद झाला हे वाचून आम्हाला आनंद झाला! आमचा नवा गेम टिंगू सिटी आजच घ्या. शेतजमिनीवर उंच इमारती बांधा!'

विकीने मान खाली घालून वाचून दाखवलं.

"हा खेल आमी खेललोय," कृष्णाबाई म्हणाली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला गेम बंद होणार होता. विकी हाफ डे टाकून आला. रिव्ह्यूसाठी शूटिंग करतो म्हणाला. धर्माने रिक्षा खाली लावली. मर्सीही आली, पण दाराशीच उभी राहिली.

"आत ये," कृष्णाबाई म्हणाली. "यांना तू खाऊ शकत नाय."

विकीने सगळं करून बघितलं. कोंबड्या दुसऱ्या फोनवर नेता येतात का, जपून ठेवता येतात का. काही होईना. घड्याळ पुढे जात होतं. तो वैतागून काचेवर बोट दाबत राहिला आणि अचानक वाडीच्या कुंपणाचा एक तुकडा त्याच्या बोटाला चिकटून वर आला.

"आये. कुंपण निघतंय."

कृष्णाबाईने मला त्याच्या हातातून घेतलं. बोट जिभेला लावलं. एकेक तुकडा उचलून बाजूला ठेवला. उत्तरेची अख्खी बाजू मोकळी झाली.

कोंबड्या हलेनात. त्यांना मोकळं काही माहीतच नव्हतं.

"जा गो," ती म्हणाली. "जा. तुमी गेल्यावरच मी उठनार."

सगळ्यात आधी सेक्रेटरी निघाला. छाती काढून. हिरवळ संपते तिथे गेला. आता एक गुपित सांगतो. त्या कडेच्या पलीकडे काही नाही. मी मोबाईल आहे, मला माहीत आहे. तिथे रंग नाही, जमीन नाही, आकडासुद्धा नाही. पण कोंबड्या कुंपणाला थांबतातच, या भरवशावर गेम बनवणाऱ्यांनी त्यांना जग संपल्याचं कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून सेक्रेटरी थांबला नाही. त्याने पाय उचलला आणि चालत बाहेर गेला. मागून नाचरी, तुरेवाली, मग एकदम गर्दी. भुरी चाचपडत होती, तिच्या डाव्या बाजूला कृष्णाबाईने दाणे टाकले, ते टिपत टिपत तीही गेली.

जसजशा त्या जात होत्या तसतसा मी थंड होत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझं वजन कळलं.

"अगो, चालल्या की," धर्मा हळूच म्हणाला. मर्सीने क्रुसाची खूण केली. विकी शूटिंग सुरू करायचंच विसरला होता.

वाडी रिकामी झाली. एक फणस तेवढा उभा होता. मग पाच वाजले आणि काच पांढरी झाली.

कृष्णाबाईने मला पदराने पुसलं. "येलेत गेल्या," म्हणाली, आणि मर्सीसाठी चहा टाकायला उठली.

आता माझी बॅटरी फुगली आहे. मी फ्रिजवर पडून असतो आणि मांजर माझ्यावर नजर ठेवून असतं. विकीने त्या पुण्याच्या भावांची माफी मागितली, पाडलेले गेम पुन्हा खेळून बघितले. तो आता गेममध्ये आधी थोडा वेळ नुसता फिरतो. मत नंतर देतो.

मित्रांनो, तुमच्याही फोनमध्ये अशा किती वाड्या, किती गावं, किती सैन्यं पडून असतील. कंटाळा आला की तुम्ही एका बोटाने ती उडवता. उडवा, जागा लागतेच. फक्त त्याआधी एकदा आत जा. कुणाला दाणे टाकायचे राहिलेत का बघा. कुंपण असेल तर काढा.

बाहेर काही नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या दिवशी गेलेल्या दोनशे कोंबड्यांपैकी एकही परत फिरली नाही.