जुन्या डिस्कचा आवाज

"बेबी, आहेस का गं?"

आतून आईची हाक आली तेव्हा बेबीच्या ओठांत दोन स्क्रू होते, एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हाताची बोटं कॉम्प्युटरच्या पोटात शिरलेली होती. तिने नुसतं "हं" केलं. ते काही आतल्या खोलीपर्यंत पोचलं नाही.

"बेबी?"

"आहे, आहे. जाणार कुठे?" स्क्रू हातात घेत ती म्हणाली.

छप्पन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते आत पलंगावर होतं. पाण्याची बिलं काढणाऱ्या कचेरीत ती मॅडम होती, धाकट्या भावाची ताई होती आणि शेजारणींमध्ये 'त्या कॉम्प्युटरवाल्या' होती. हे शेवटचं नाव तिच्या पाठीमागे घेतलं जायचं, पण भिंती पातळ असल्यामुळे तिला ते ठाऊक होतं. निवृत्तीला टेकलेल्या बाईने भरतकाम करावं, फार तर कुंडीत चार रोपं लावावीत. ही रविवारी दुपारी सोल्डर गन घेऊन बसते म्हटल्यावर लोक बोलणारच.

कॉम्प्युटर तिच्या कचेरीतलाच. पहिल्यांदा ही यंत्रं आली तेव्हा बाकीचे कारकून ती अंगावर येतील अशा भीतीने लांब उभे राहिले होते. बेबी मात्र पुढे होऊन बसली, ती पुढे बरीच वर्षं त्याच्यासमोरच बसली. मग नवे आले, याला गोदामात टाकलं, आणि एके दिवशी तो भंगाराच्या टेम्पोत चढताना तिला दिसला. आडवं कॅबिनेट, त्यावर तो बोजड मॉनिटर. टेबलाचा कोपरा लागून समोरच्या झाकणावर पडलेली खोक तिने लांबून ओळखली.

"मॅडम, यात काही राम राहिलेला नाही," भंगारवाला म्हणाला होता. "सुटे भाग काढायचे असतील तर दुसरा देतो."

"हाच द्या."

त्याला दोन वर्षं झाली. आतली बॅटरी फुटून गळली होती आणि हिरवट राप चढला होता. तो तिने व्हिनेगर आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. फुगलेले कपॅसिटर बदलले. मेमरी वाढवली. पंखा खडखडायचा, तिथे नवा बसवला. लागतील ते भाग कुठून कुठून मिळवले, काही मिळाले नाहीत तेव्हा आहेत तेच घासूनपुसून चालवले. कोणी विचारलंच की हे कशासाठी, तर ती "छंद आहे" म्हणायची आणि विषय बदलायची. खरं कारण सांगण्याइतकं सोपं नव्हतं. आईचं एकेक बंद पडत चाललं होतं. आधी गुडघे गेले, मग काचबिंदूने डोळे नेले, मग कंबर मोडली आणि पलंग आला. तिच्यासाठी कुठल्या दुकानात काही मिळत नव्हतं. इथे निदान बिघडलेलं नीट होत होतं. दिवसभर कचेरीत आणि नंतर घरात राबलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

आजचं काम मोठं होतं. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी तिकिटाएवढं मेमरी कार्ड बसवायचं. डिस्क पार थकली होती. सुरू झाली की शेजारघरी मिक्सर लावावा तसा आवाज चढत जायचा, मग सूंऽऽ असा एकसुरी चालायचा, मध्येच करकर. तेही चाललं असतं, पण हल्ली ती वाचता वाचता अडकायला लागली होती आणि तिच्यावरचं निम्मंशिम्मं उडालं होतं.

बेबीने शेवटचा स्क्रू पिळला आणि बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. फसलं वाटतं, असं मनात येतंय तोच हिरवा दिवा दिसला आणि डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत पडद्यावर अक्षरं आली. कुठे खट नाही की खुट नाही. नवाकोरा असतानाही हा बाबा इतका चपळ नव्हता. बेबी एकटीच हसली. हे कोणाला तरी दाखवावं असं तिला फार वाटलं. घरात दाखवण्यासारखं एकच माणूस होतं आणि त्याला दिसत नव्हतं.

"बेबी, आहेस का?"

त्या दिवसापासून हाकांचा धोशा लागला. आधी आई दिवसातून एखाद-दोनदाच हाक मारायची, पाण्यासाठी नाहीतर कुशीवर वळायला. आता बेबी टेबलाशी बसली रे बसली की आतून सुरू. उठून जावं, तर काही हवं नसायचं.

"काय गं आई?"

"काही नाही. आहेस ना?"

"आहे."

बाहेर येऊन खुर्ची ओढावी तर पुन्हा तेच. संध्याकाळी आईला सांभाळणारी दिवसाची बाई घरी गेली, आईचं खाणंपिणं झालं की मधला तेवढा वेळ बेबीचा असायचा. तोही गेला. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी तिचा तोल सुटला. ती आतल्या दारात उभी राहून म्हणाली, "किती वेळा सांगू आई? मी काय पळून जाणारे का? इथेच मरायचंय मला."

आई चादरीची कड चाचपत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "नाही गं. असंच विचारलं." त्या संध्याकाळी पुन्हा हाक आली नाही, आणि बेबीला टेबलाशी बसवलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, या वयात व्हायचंच असं, दिवस मावळला की घाबरतात. त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली. गोळीने आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत राहिली, चमचा तोंडाशी नेला तरी तोंड उघडेना. बेबीने गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर फेकून दिली. गुंगलेल्या आईपेक्षा हाका मारणारी परवडली, असं तिने स्वतःला समजावलं. पण झोप पुरत नव्हती, आणि कचेरीत आकडे डोळ्यांसमोर हलायला लागले होते.

पुढच्या रविवारी भाऊ आला. तो एक रविवार सोडून यायचा, येताना फळं आणायचा आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा इतकंच. आज मात्र आईपाशी बराच वेळ बसला आणि बाहेर येताना दार हलकेच लोटून घेतलं.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"रागवायला अंगात जोर लागतो. विचार."

"संध्याकाळची तू आईला एकटीला ठेवून कुठे जातेस का?"

बेबीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"आई. म्हणते, हल्ली बेबी घरात नसते, मी हाका मारते तेव्हा कुठून तरी येते. वर मलाच म्हणते, तिला बोलू नकोस हं, तिलाही कंटाळा येत असेल."

रागावली असती तर बरं, असं बेबीला वाटलं. आईने तिची बाजू घेतली होती, तीही न केलेल्या गुन्ह्यात. हे जास्त लागलं.

"हे बघ," भाऊ खाली बघत म्हणाला, "तुला झेपत नसेल तर तसं सांग. कोणी नावं ठेवणार नाही. गावाबाहेर एक चांगलं सेंटर आहे. माणसं असतात चोवीस तास. मी चौकशी करून ठेवलीये."

करून ठेवलीये. म्हणजे हे त्याच्या मनात आजच आलं नव्हतं. रिकामा पलंग बेबीच्या डोळ्यांसमोर आला, आणि आपण सलग सकाळपर्यंत झोपलोय असंही दिसलं. क्षणभर तिला खरंच बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की ती उठली आणि सरळ आत गेली.

"आई, मी कुठे जाते गं?"

"त्याने सांगितलं वाटतं." आई कसनुशी हसली. "जात जा गं. माझं काही म्हणणं नाही. फक्त सांगून जा."

"पण मी जातच नाही. इथेच असते, भिंतीपलीकडे, टेबलाशी."

"मला कशाला फसवतेस? तुझं मशीन बंद असतं."

"चालू असतं."

"मग वाजत कसं नाही?" आई म्हणाली. "दोन वर्षं ऐकतेय मी. ते वाजत असलं की मला कळतं, बेबी आहे. मग मी हाक मारते का कधी? म्हटलं, तुझं काम कशाला मोडा. ते वाजत नसलं की मग भिंतीपलीकडे कोण आहे, कोण नाही, मला काय कळणार?"

बेबी पलंगाच्या कडेला बसून राहिली. आईच्या पायावर हात ठेवला. पाय गार होता. इतके दिवस डॉक्टर झाले, गोळी झाली, आता सेंटरपर्यंत गोष्ट गेली, आणि हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. तिला तर नाहीच नाही.

बाहेर येऊन तिने टेबलाचा खण उघडला. जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. दोन वर्षं साथ दिलेली वस्तू लगेच कचऱ्यात टाकणं तिच्याने होत नसे. कॅबिनेटचं झाकण काढून तिने डिस्क आत ठेवली. कार्डाला हात लावला नाही. डिस्कला माहिती नेणारी केबल जोडलीच नाही, नुसती विजेची वायर दिली.

भाऊ कप घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. "ही बिघडली होती ना?"

"हो. वाचता येत नाही तिला. फिरता येतं."

"मग उपयोग काय?"

"फिरते," बेबी म्हणाली आणि बटण दाबलं.

खालच्या सुरात सुरू होऊन आवाज चढत गेला, आणि सूंऽऽ करून एका जागी स्थिरावला. भाऊबहीण दोघंही नकळत आतल्या दाराकडे बघत राहिली. हाक आली नाही. थोड्या वेळाने आई आतून म्हणाली, "आली बघ बेबी."

भावाने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला, जे त्याने या घरात फार वर्षांत केलं नव्हतं. जाताना चपला पायात सरकवत म्हणाला, "ते सेंटरचं मग, बघू."

"बघू," बेबी म्हणाली.

मग सगळी घडी पुन्हा बसली. संध्याकाळी डिस्क लागायची आणि आई गप्प पडून असायची. बंद करताना आवाज उतरत उतरत थांबला की आतून ठरलेली हाक यायची, "आहेस का?" बेबी म्हणायची, "आहे," आणि आत जायची. दिवसातून ही एकच हाक. ती आली नसती तर बेबीलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

कॉम्प्युटरमध्ये आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झाकणावरची खोक तेवढी तिने मुद्दाम बुजवली नव्हती. तरी ती रोज त्याच्यासमोर बसायची. कधी जुना पत्त्यांचा खेळ लावायची, पण बहुतेक वेळा कीबोर्ड बाजूला सारून टेबलावर डोकं टेकायची. कॉम्प्युटर काही करत नसायचा, ती काही करत नसायची, डिस्क तर नाहीच. पण आवाज चालू असायचा आणि आत म्हातारी निवांत असायची. आईचं खाणं मोजक्या चमच्यांवर आलं होतं. भाऊ आता दर रविवारी यायला लागला होता. त्याच्याही लक्षात आलं असावं.

त्या रविवारी दुपारी आईने मऊ भाताचे दोन घास घेतले आणि तिसऱ्याला मान फिरवली.

"अजून एक घे."

"पुरे. दमलीस तू. जा, बस तुझ्या मशीनपाशी."

बेबीने तिचं तोंड पुसलं, उशी सारखी केली आणि बाहेर येऊन बटण दाबलं. आवाज चढून स्थिरावेपर्यंत तिचे डोळे मिटले होते.

जाग आली तेव्हा ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं. गालावर बाहीची घडी उमटली होती. एवढी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. भाऊ यायची वेळ होत आली होती, आईला पाणी द्यायला हवं होतं. तिने जांभई देत हात लांब केला आणि कॉम्प्युटर बंद केला. डिस्कचा आवाज नेहमीसारखा उतरत गेला, बारीक झाला, थांबला.

"आहे" म्हणायला बेबीचं तोंड उघडलेलंसुद्धा होतं.

शेजारी कोणीतरी खुर्ची सरकवली. खालून एक सायकल गेली. बेबी तशीच बसून राहिली, उघड्या तोंडाने, आतल्या दाराकडे बघत.

"आहे गं आई," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

तिचा हात अजून बटणावरच होता. तिने ते पुन्हा दाबलं. खालच्या सुरात आवाज सुरू झाला, चढत गेला. तो पुरता स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग उठली, पदर नीट केला आणि आत गेली.