अठरा फूट की एकवीस

विनय सबनीसला बोट घ्यायची होती आणि त्याच्या बायकोला, आसावरीला, दाखवाल त्या बोटीत काहीतरी खुपत होतं.

पहिलीचा लाल रंग भडक. दुसरीच्या खुर्च्या म्हणे निसरड्या. तिसरीला डोक्यावर छप्पर नाही, टेक्सासच्या उन्हात माणसाचा पापड व्हायचा. आता बास पकडायच्या बोटीला छप्पर नसतंच. गळ फेकायला हात मोकळा लागतो, म्हणून ती वरून सताड उघडी असते. हे विनयनं तिला समजावलं, तिनं शहाण्यासारखी मान डोलावली, आणि चौथ्या बोटीलाही छप्पर नाही म्हणून नाक मुरडलं. बास हा इकडच्या तळ्यांतला मासा. लोक तो पकडतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. रेवदंड्याच्या सबनिसांच्या पोटी जन्मलेला माणूस हातातला मासा सोडून देतो, हे काही आसावरीच्या पचनी पडत नव्हतं, पण तिची हरकत त्याला नव्हती.

हरकत निराळीच होती, आणि ती तोंडातून काढायची सोय नव्हती.

मागच्या वर्षी इथंच, अर्विंगमध्ये, देशी दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये विनय मेथीची पिशवी गाडीत ठेवता ठेवता खाली बसला आणि आडवाच झाला. पलीकडच्या गाडीतून कोण कुठला माणूस धावत आला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिला. स्टेंट बसवले, विनय वाचला. त्या सगळ्या वेळात आसावरी गाडीची किल्ली मुठीत धरून नुसती उभी होती. तिला काही येतच नव्हतं. पुढे ती कम्युनिटी सेंटरच्या क्लासला जाऊन छाती दाबायला शिकली. डॉक्टर म्हणाले, आता ठणठणीत आहेत, खुशाल फिशिंग करू देत, फक्त एकट्यानं नको. म्हणजे सोबतीला कोण? मुलगा ऋषी तिकडे सिॲटलला. राहिली आसावरीच. जमिनीवर पडलं तर कुणीतरी धावून येतं हो, पण तळ्याच्या मधोमध कोण येणार?

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. शोरूममध्ये विनय इंजिन बघायचा, आणि ती बघायची की हा इथं कोसळला तर ही बोट मला एकटीला काठाला नेता येईल का. पण हे बोलणार कसं? नवं वाहन घरी यायच्या वेळी अभद्र बोलायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. माहेरी नवी स्कूटर आली तेव्हा तिच्या भावानं पंक्चर हा शब्द काढला, तर त्याला पेढासुद्धा मिळाला नव्हता. शुभ बोल रे नाऱ्या ही बाकीच्यांची म्हण असेल, त्यांच्या घरात तो कायदा होता. मग बाई काय करणार? रंगाला नावं ठेवायची.

विनय बिचारा मनापासून अभ्यास करत होता. रेंजर कंपनीची घ्यावी की स्कीटरची, की ट्रॅकरची ॲल्युमिनियमची हलकी बोट घ्यावी? फायबरग्लासची लाटेवर कमी आपटते, ॲल्युमिनियमची ओढायला सोपी. अठरा फूट की एकवीस? त्यात त्याचा मित्र संजय. या गृहस्थानं जन्मात गळ हातात धरला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सदैव पुढे.

"एकवीस फुटीच घे यार," संजय म्हणाला. "उद्या आपल्या मराठी मंडळाची चार माणसं आली तर बसवणार कुठे?"

झालं. आपल्या लोकांचं हे असंच. घर घ्यायचं पाहुण्यांच्या मापानं, गाडी घ्यायची पाहुण्यांच्या मापानं, कुकरही तसाच. सबनिसांच्या घरी पाच बेडरूम होत्या आणि झोपणारी माणसं दोन. बासची बोट मुळात दोघांनी उभं राहून मासे पकडायची, पण विनयचं मन एकवीस फुटीवर बसलं. अडीचशे हॉर्सपॉवर, गर्द निळी, चमकी मारलेली. शिवाय त्याला वाटलं, मोठी बोट कमी हलेल, आसावरीला बरं वाटेल.

"निळा जरा अंगावर येतो," आसावरी म्हणाली.

विनयनं तिच्याकडे पाहिलं. मग हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "तुला बोट नकोच आहे ना? नाही घेत. शनिवारची तळ्यावरची ट्रायल कॅन्सल करतो."

तो चिडला असता तर परवडलं असतं. तो चिडला नाही, उठून भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागला. खरं तर आसावरीला हायसं वाटायला हवं होतं. बोट नाही म्हणजे तळं नाही, तळं नाही म्हणजे काळजी नाही. पण ती त्याच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. हॉस्पिटलमधून आल्यापासून हा माणूस गोळ्या घे म्हटलं की घेत होता, चाल म्हटलं की चालत होता. स्वतःहून काही मागितलं होतं ते हे एवढंच, आणि ती त्यावरही पाणी ओतायला निघाली होती.

"कॅन्सल करू नकोस," ती म्हणाली. "जाऊ आपण. पण त्यांना सांग, दोन्ही बोटी पाण्यात उतरवा. मोठी पण आणि ती ॲल्युमिनियमची अठरा फुटी पण."

"ती कशाला? ती तर अगदीच साधी आहे."

"मला बघायचीय."

शनिवारी तळ्यावर बऱ्यापैकी वारा होता. दुकानाचा माणूस टकर, चांगला धिप्पाड गडी, दोन्ही बोटी धक्क्याला बांधून उभा होता. आधी एकवीस फुटी. विनयनं ती अशी काही पळवली की आसावरीची ओढणी गळ्याशी फडफडायला लागली. विनयचा चेहरा खुलला होता. तो तसा खुललेला तिनं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, आणि म्हणूनच आता बोलायलाच हवं होतं.

"थांबव," ती म्हणाली. "आता मी चालवते."

"तू?" विनयला आनंदच झाला. तो उठून शेजारच्या खुर्चीत बसायला लागला.

"तिथे नको. खाली. आडवा हो."

"काय?"

"झोप खाली, विनय. इथे, मधे."

ट्रायलसाठी बरोबर आलेला, पुढे बसलेला टकर वळून बघायला लागला. त्यालाही कळायला हवं म्हणून आसावरी इंग्लिशमध्येच बोलली. माझ्या नवऱ्याला हार्ट ॲटॅक येऊन गेलाय. तो असा पडला, तर मी एकटी ही बोट काठाला आणू शकते का, ते मला बघायचंय.

कोऱ्या बोटीत, ट्रायलच्या दिवशी, ती असलं अभद्र बोलून मोकळी झाली होती.

विनय खाली झोपला.

टकरनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मॅम, हे बरेच लोक विचारत नाहीत. विचारायला हवं," तो म्हणाला. मग त्यानं तिला एक लाल दोरी दाखवली. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या लाइफ जॅकेटला अडकवलेलं असतं. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे विनय पडला तर आधी दोरी आपल्या जॅकेटला लावायची, दुसरं टोक किल्लीशेजारच्या जागेवर बसवायचं, मगच इंजिन चालू होणार. तिनं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

पण मोठी बोट काही तिला दाद देईना. त्या बोटीचा वेग पायानं द्यायचा, आणि आसावरीचा पाय पुरेना. वारा ते लांबलचक नाक भलतीकडेच न्यायचा. धक्का जवळ आला की बोट बाजूला सरकायची. शेवटी टकरनंच ती धक्क्याला लावली.

अठरा फुटीत विनयला गुडघे दुमडून झोपावं लागलं. इथे वेग हातानं द्यायचा होता. बोट वाऱ्यात हलत होती, आपटतही होती, पण तिचं ऐकत होती. ओठ आवळून आसावरी ती हळूहळू धक्क्याकडे घेत गेली. एकदा हुकलं, वळून परत आली, आणि मग बोट धप्पकन धक्क्याला टेकली. टकरनं हातसुद्धा लावला नाही.

तिनं खाली पाहिलं. विनयचे डोळे उघडे होते आणि त्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

"म्हणजे तो रंग, ते छप्पर..." तो म्हणाला.

"हं."

"आधी का नाही बोललीस?"

"नव्या बोटीसमोर असलं बोलतात का?"

त्यावर एरवी तो हसला असता. आता हसला नाही. कोपरावर उठला आणि तिच्या खुर्चीजवळची मोकळी जागा हातानं चाचपून पाहिली. "इथे गुडघे टेकून छाती दाबता येईल तुला," तो म्हणाला. "आणि मला उचलायला बसू नकोस हं. उचलला जाणार नाही मी. आधी फोन, मग छाती." बोलता बोलता तो उठून बसला. "हीच घेऊ या. आता ऊठ, तू झोप."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"मला तरी काय भरली होती? मेथी घेत होतो."

वयाची साठी तिनंही ओलांडलेली. आसावरी ओढणी सावरून बोटीच्या तळाशी आडवी झाली. विनयनं बोट पुन्हा लांब पाण्यात नेली आणि काठाकडे वळवली. इंजिनाची थरथर पाठीला लागत होती. वर नुसतं आभाळ होतं. वर्षभर ती विनयचा श्वास ऐकत निजत होती, तो बाथरूममध्ये जास्त वेळ राहिला तर दाराशी जाऊन उभी राहत होती. आता काही बघायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. तिनं डोळे मिटले. किती थकलोय आपण, हे तिला आत्ता कळलं.

"आसावरी?"

तिला बोलावंसं वाटेना.

"आसावरी!" इंजिनाचा आवाज एकदम उतरला. "अगं, बोल ना. डोळे उघड."

त्याचा आवाज फाटला होता. तिनं डोळे उघडले. विनय खुर्चीतून अर्धा उठून वाकला होता, चेहरा पांढराफटक.

"आहे रे," ती म्हणाली आणि हात वर करून त्याचा हात धरला. "इथेच आहे मी. तू काठाकडे बघ."