ब्लॉकमधलं गोडं पाणी

माझं तोंड वाईट आहे, मला माहीत आहे. गावी फोन केला की विनिता, माझी बायको, आधी विचारते, "आज कुणावर ओरडलात?" पण इंजिनाच्या बाबतीत मी कधी चुकलो नव्हतो. म्हणजे या मार्चपर्यंत तरी.

कुवैतला अम्गऱ्याच्या बोटींच्या वर्कशॉपमध्ये मी फोरमन. हारून माझ्या हाताखाली, पण सतरा वर्षांचा जोडीदार. तो दाभोळचा, मी खाडीपल्याड गुहागरकडचा. दिवसभर भांडतो आणि दुपारी एका डब्यात जेवतो.

डिसेंबरात एका कुवैती शेठची बोट थंडीपुरती बंद करायची होती. मी त्या दिवशी मीना अब्दुल्ला बंदरात दुसऱ्या कामावर. हारूनने मेसेज करून विचारलं, गोड्या पाण्याने इंजिन धुतलंय, आता ब्लॉकमधलं, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडातलं, पाणी काढून टाकू का? मी उलट व्हॉइस मेसेज ठोकला, "अरे गाढवा, काढू नको! रिकाम्या ब्लॉकला हवा लागून गंज चढतो. राहू दे भरलेलं!" पावसाळ्यात लाँच वर ओढली की माझा बाप असंच करायचा. आमच्या किनाऱ्यावर भीती ती मिठाची. बर्फ आम्ही पाहिला तो मासळीच्या पेटीत.

शेठने बोट नेऊन ठेवली अब्दलीला, वाळवंटातल्या शेतावर. जानेवारीत तिथे दोन रात्री पारा शून्याखाली गेला. मार्चमध्ये बोट परत आली, आम्ही पाण्याचा पाइप लावून इंजिन चालू केलं आणि ब्लॉकच्या कुशीतून पाणी झिरपायला लागलं. हातभर चीर. ऑइल बघितलं तर पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं. आतलं पाणी गोठून फुगलं होतं आणि त्याने लोखंड फोडलं होतं. 

कामाच्या कार्डावर सही हारूनची. मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, त्यालाच धरलं. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, महिनाअखेर संपत होता. मुदीर म्हणाला, "नूतनीकरण नाही. घरी जा." हारूनची मुलगी असमा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि हा बाबा मान खाली घालून बाहेर आला.

"माझा मेसेज का नाही ऐकवलास?" मी त्याच्यावरच ओरडलो.

"पुसून टाकला."

"कधी?"

"चीर दिसली तेव्हाच." तो हात पुसत राहिला. "जयराम, मला गावी भावाची लाँच तरी आहे. तू छप्पन्नचा झालास. तुला दुसरीकडे कोण ठेवणार?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच फास विणतोय! त्याच्या दंडाला धरून त्याला पुन्हा आत नेलं.

मुदीर लेबनानी. त्याला आपली मोडकी हिंदी येते, मराठी नाही. मी म्हणालो, चूक माझी. तो म्हणाला, "तुम्ही गाववाले एकमेकांना नेहमीच वाचवता." मग मी माझा फोन काढला. हारूनने पुसला म्हणून माझ्याकडचा थोडाच गेला होता? लावला मोठ्याने. केबिनभर माझंच केकाटणं.

मुदीर हारूनकडे वळला. "क्या बोलता है ये?"

हारूनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बोलता है, पानी निकाल दो. मैंने नहीं निकाला."

पाच वेळा नमाज पढणारा माणूस. सतरा वर्षांत मी त्याला गिऱ्हाइकाशीही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"झूठ!" मी टेबलावर हात आपटला. "'नको' मतलब 'नहीं'! मैं बोला, मत निकालो! बाहेर कोणत्याही मराठी माणसाला विचारा!" घाईत अर्धं मराठीतच बोललो. हारून पुटपुटला, "गप रे, गप." मी काही गप बसलो नाही. कार्ड ओढलं आणि त्याच्या सहीवर काट मारून माझी सही ठोकली.

 मुदीरने ड्रॉवरमधून हारूनचे इकाम्याचे कागद काढून त्यावर सही केली. मला म्हणाला, "तू राहा. पण उद्यापासून फोरमन हा."

  परतताना गाडीत मला लाज वाटत होती, आणि खरं सांगू, बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पुढची बोट आली. माझी सवय जाते कुठे, पाना हातात घेऊन मीच हुकूम सोडायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि नव्या फोरमनकडे पाहिलं.

हारून खाकरला. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो मला काम सांगणार होता.

"जयरामभाऊ," तो म्हणाला, "ब्लॉकमधलं पाणी काढता का?"

"'भाऊ' काय, 'काढता का' काय! नीट ओरड की, गाढवा!"

"काढ पाणी!" तो ओरडला, आणि बाही डोळ्यांना लावून तोंड फिरवून उभा राहिला.

मी खाली वाकलो आणि ब्लॉकखालचं बूच सोडलं.