सुभेदार कुठेही जाणार नाही

घरात माणसं तीन, मांजरं तीन आणि मोरी एक. बेरीज सोपी होती, पण ती करायला कुणी बसलं नव्हतं.

रफूवाली या घरची थोरली सून. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. खिडकीशी बसून ती लोकांचे कोट असे सांधायची, की भोक कुठे होतं ते मालकालाही दाखवता येऊ नये. तिचा बोका सुभेदार नऊ वर्षांचा, एक कान फाटका, चाल निवृत्त अंमलदाराची. सासूबाईंची बाहुली खायची आणि झोपायची; तिची ना कुणाला तक्रार, ना कौतुक. तिसरी ठमी, धाकट्या दिराची. तो बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा. भाड्याची खोली सुटली तसा दोन महिन्यांपूर्वी वळकटी, शिट्टी आणि ठमी घेऊन आईकडे राहायला आला.

आल्या आल्या त्याने घराला शिस्त लावायला घेतली. मांजरांच्या वाळूची घमेली एक इकडे, एक तिकडे असायची. त्याने तिसरं आणलं आणि तिन्ही मोरीत भिंतीला लावून ओळीने मांडली, डेपोत गाड्या लावतात तशी. वर खडूने नावंही घातली.

"ज्याची गाडी त्याच्या फलाटावर," तो म्हणाला.

प्रवाशांना वाचता येत नाही, ही अडचण त्याच्या ध्यानात आली नाही.

पंधरवड्यात सुभेदाराने शेपूट ताठ करून पडद्यावर, दिराच्या बुटांवर आणि सासूबाईंच्या खुर्चीच्या पायावर फवारे मारले. दिराने दर वेळी त्याचं नाक तिथे घासलं आणि वर फिनेल ओतलं. फवारे वाढले. रफूवालीने बोक्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"आजार काही नाही, धास्ती आहे," त्या म्हणाल्या. "घरात काय बदललंय ते शोधा. मारू नका. आणि ते फिनेल बंद. उग्र वास आला की हा त्यावर आपला वास चढवणारच."

"बदललंय काय?" दीर म्हणाला. "उलट शिस्त आलीय."

गुरुवारी बँडमास्तरचा कोट गेला. अकरा दिवसांचं काम, बाहीवर शेवटचे चार टाके उरलेले, आणि सुभेदाराने नेमकी तीच बाही भिजवली.

"वहिनी, बास झालं," दीर म्हणाला. "मी गोदामवाल्याशी बोललोय. त्याला उंदरांसाठी बोका हवाच आहे. रविवारी टोपली घेऊन येतोय."

"सुभेदार कुठेही जाणार नाही, भावजी."

"मग काय घराची मुतारी करायची?"

दिराचं बोलणं ती कधी फार मोजत नसे. पण सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवला. "फरशी पुसून पुसून जीव गेला गं माझा. जाऊ दे त्याला." घर सासूबाईंचं होतं. आता खरं संकट.

शुक्रवारी रफूवालीने स्टूल खिडकीपासून उचललं आणि मोरीचं दार दिसेल तिथे ठेवलं. बँडमास्तरला निरोप धाडला: कोट बोक्याने खराब केला, धुतलाय, आठवडा उशीर होईल. मग सुई चालवत बसली. विणीतला एक सुटलेला धागा हाताभरावरून दिसणारी बाई. मांजर काय नजरेतून सुटणार?

सुभेदार मोरीकडे गेला. उंबऱ्यावर ठमी आडवी. ना गुरगुरली, ना पंजा उगारला; नुसती चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून बघत राहिली. सुभेदार परतला. तासाभराने पुन्हा गेला, पुन्हा परतला. तिसऱ्यांदा तर अर्ध्या वाटेवरूनच. चौथ्यांदा त्याने पडदा गाठला. रफूवालीने न ओरडता पडदा काढला, धुवायला टाकला आणि मोरीतलं एक घमेलं उचललं.

रविवारी गोदामवाला टोपली घेऊन आला तेव्हा बैठकीत सासूबाईंच्या खुर्चीजवळ एक घमेलं, शिवणाच्या टेबलाखाली दुसरं, आणि तिसरं थेट दिराच्या खोलीत.

"हे काय?" दीर ओरडला. "बैठकीत मांजराचा संडास? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे आठवड्यातून एकदा येतात. सुभेदाराला दिवसातून पाचदा लागते."

"न्यायचाय ना बोका?" गोदामवाला टोपली पुढे करत म्हणाला.

"नाही," रफूवाली म्हणाली.

"हो," दीर म्हणाला.

"आधी घरात ठरवा हो. माझी सुट्टी चाललीय."

रफूवाली सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही सकाळी आंघोळीला जाता तेव्हा मोरीच्या दारात भावजी टॉवेल खांद्यावर टाकून उभे असतात. तुम्ही काय करता?"

"काय करणार? परत फिरते. तो अर्धा तास हलत नाही मेला."

"ठमी दिवसभर तेच करते. मालकावरच गेलीय. सुभेदार आडदांड नाही, त्याची वाट अडवलीय. आठ दिवस घमेली अशीच राहतील, फरशी मी पुसेन. तरीही बोका घालवायचा असेल, तर माझी सुईही त्याच टोपलीत ठेवा. मी गोदामात बसून रफू करेन."

सासूबाई खुर्चीजवळच्या घमेल्याकडे बघत राहिल्या. बाहुली त्यात चढली, वाळू उकरली, काम उरकलं आणि निघून गेली.

"घमेलंच इथपर्यंत आलं, तर फरशी पुसायला मला उठायला नको," सासूबाई म्हणाल्या. "राहू दे. आठ दिवस."

गोदामवाल्याने रिकामी टोपली उचलली. "तुमच्यापेक्षा उंदीर बरे," म्हणत जिना उतरला.

"आई, माझ्या खोलीत वास येईल!" दीर म्हणाला.

"येईल," रफूवाली म्हणाली. "तुमच्याच ठमीचा."

त्याने धाडकन दार लावलं. रफूवाली उठली, दार उघडलं आणि पुन्हा मिटू नये म्हणून फटीत आपली लोखंडी इस्त्री उभी केली.

"वाट मोकळी ठेवायची," ती म्हणाली, "सगळ्यांची," आणि स्टूल व कोट घेऊन पुन्हा खिडकीशी बसली.