पिंकनीचा पोछा

बाल्टिमोरच्या त्या गल्लीत काळ्या बाया गोऱ्यांच्या फरश्या पुसून घर चालवायच्या. व्हेलोरा पिंकनी त्यातलीच. फरक एवढाच, की बाकीच्या बाया रात्री गुडघ्यांना तेल चोळून आडव्या व्हायच्या आणि ही बया कागदावर रेघोट्या मारत बसायची. तीन वर्षं डोकं खपवून तिनं एक पोछा तयार केला. दांडीवर एक नळी होती, ती उजवीकडे पिळली की खालचं फडकं आपोआप पिळून निघायचं. वाकायला नको, की सोड्याच्या कढत पाण्यात हात घालायला नको.

"अगं बाई!" शेजारची ओडेसा तो हातात घेऊन स्वयंपाकघरभर नाचली. "हा तुझ्या मालकिणीकडे ने की!"

"नेते, आणि उद्या तो तिच्या भावजयीनं शोधला म्हणून पेपरात येऊ दे. खुळी का काय तू?"

तिनं झाडू-पोछे बनवणाऱ्या कंपनीलाच थेट पत्र लिहिलं. खाली सही केली ती फक्त व्ही. एल. पिंकनी एवढीच. आमच्या बाया गोऱ्यांना पहिलं नाव कळूच द्यायच्या नाहीत. ते कळलं, की शेंबडं पोरसुद्धा सत्तरीच्या म्हातारीला एकेरीत हाक मारणार! आडनाव आणि दोन अक्षरं, झक मारत मान द्यावा लागतो. पण हीच हुशारी अंगाशी आली. उत्तर आलं ते "श्री. पिंकनी यांस". आमचा माणूस मंगळवारी हॉटेलात उतरेल, तिथं यंत्र घेऊन या, पसंत पडलं तर तिथंच करार करू. आता त्या हॉटेलात काळ्या बाईला आत जायचं तर मागच्या दारानं, तेही चादरी धुवायला.

मग तिला व्हिन्सेंट आठवला. तिचा थोरला भाऊ, व्हिन्सेंट ली पिंकनी. आईनं दोघांच्या नावांची अक्षरं सारखीच ठेवली होती. रंग मात्र त्याचा एवढा उजळ, की दहा वर्षांपूर्वी तो शहराच्या पलीकडे गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेला आणि गोरा झाला. आडनावही बदलावं लागलं नाही, गोरे पिंकनी तिथं पैशाला पासरी. गोरी बायको केली, दोन मुली झाल्या. बहिणीला तो वर्षातून दोनदा भेटायचा, बंदरावरच्या मासळीबाजारात, अनोळखी गिऱ्हाइकासारखा शेजारी उभा राहून.

"मी जाऊ? वेड लागलं का तुला?" खेकड्यांच्या टोपलीकडे बघत तो पुटपुटला. "सासऱ्याला संशय जरी आला ना, उभा जाळील मला."

"दादा, एक सही रे. तुझ्या तोंडाकडे बघून कुणी संशय घेणार नाही. एकदा माल बाजारात आला, लोकांच्या पसंतीस उतरला, की कंपनीला सांग, हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. मला दुसरं काही नको. मी केलं एवढं कळू दे लोकांना."

त्यानं एक खेकडा उचलून पुन्हा टोपलीत टाकला. मग म्हणाला, "सांगेन. शब्द देतो, व्हेली."

तिथंच, टपऱ्यांच्या मागं, तिनं त्याला पोछा पिळायला शिकवला. दादा दर वेळी डावीकडे पिळायचा. "उजवीकडे रे बाबा! आयुष्यात एक फरशी पुसली असतीस तर!" ती हसली. तोही हसला. किती वर्षांनी दोघं एकत्र हसत होती.

करार झाला. आठ महिन्यांत पोछा दुकानादुकानांत दिसायला लागला, आणि खोक्यावर व्हिन्सेंटचा फोटो, टाय लावून. व्हेलोरानं दोन निरोप धाडले. उत्तर नाही. मासळीबाजारातही तो फिरकला नाही.

"दादाची दातखीळ बसली वाटतं," ओडेसा टोमणा मारायची.

"गप गं. बायकोपोरांचा माणूस आहे तो. वेळ लागतो." पण रात्र रात्र तिचा डोळा लागायचा नाही. शब्द दिलाय त्यानं, शब्द दिलाय, असं घोकत पडायची.

गुरुवार म्हणजे मोलकरणींच्या सुट्टीचा दिवस. तरी मालकिणीनं तिला पिटाळलंच, "त्या मोठ्या दुकानात जा. तो पिंकनी स्वतः तीन वाजता येणार आहे म्हणे पोछा दाखवायला. माझ्यासाठी एक घेऊन ये."

दुकानात ही गर्दी! चौथऱ्यावर व्हिन्सेंट उभा, समोर टोप्या घातलेल्या गोऱ्या बायका, पुढच्याच रांगेत त्याची बायको आणि मुली. व्हेलोरा मागं खांबापाशी थांबली. आज सांगेल, तिला वाटलं. एवढ्या लोकांत आज सांगेलच.

दुकानाच्या मॅनेजरची नजर तिच्यावर पडली. "अगं ए मावशी! ये, वर ये. बघा बायांनो, हा पोछा तुमच्या मोलकरणीलासुद्धा एका मिनिटात जमतो!"

तिला वर यावं लागलं. व्हिन्सेंटचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच. मग त्यानं दांडी तिच्यापुढं धरली आणि म्हणाला, "असं धरायचं, मावशी. घाबरू नकोस."

तिनं धरली. नळी एका हिसक्यात उजवीकडे पिळली. पाण्याची धार बादलीत पडली, टाळ्या वाजल्या.

"मि. पिंकनी," एका बाईनं विचारलं, "तुमच्यासारख्या पुरुषाला हे सुचलं तरी कसं?"

व्हेलोरानं त्याच्याकडे पाहिलं. पदर पसरणं एवढंच बाकी होतं. आता सांग रे. आता.

व्हिन्सेंट हसला. "लहानपणी आमच्याकडे एक काळी मोलकरीण होती. सोड्याच्या पाण्यानं तिचे हात सोलून निघायचे. रात्री ती स्वयंपाकघरात हातांना चरबी लावत बसायची. ते मी विसरलो नाही."

"आई गं, किती मोठं मन!" बायका हळहळल्या.

व्हेलोराच्या अंगाचा तिळपापड झाला. नालायका! मोलकरीण? तुझी आई होती ती. त्याच हातांनी तुला भरवलंन, त्याच हातांनी तुझे शाळेचे शर्ट धुतलेन, आणि ताप चढल्यावर तेच सोललेले हात तुझ्या कपाळावर ठेवलेन. सगळं ओठांपर्यंत आलं. पुढच्या रांगेतली धाकटी मुलगी तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होती, आणि तिची हनुवटी थेट व्हेलोराच्या आईसारखी होती. व्हेलोरानं जीभ चावली. एवढंच विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं, साहेब?"

व्हिन्सेंटनं टाय नीट केला.

"लहान होतो मी," तो म्हणाला. "नाव आता आठवत नाही."

तिनं मालकिणीचा पोछा घेतला, पोचवला आणि घरी गेली. ओडेसाला काही सांगितलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाच्या घरी कुणी आजारी आहे, कुणाच्या घरी दुःख झालंय, प्रार्थना कुणासाठी करायची? व्हेलोरा उभी राहिली. अंगात काळा झगा होता.

"माझ्या भावासाठी," ती म्हणाली. "व्हिन्सेंट ली पिंकनी. वारला तो."

चर्चभर हळहळ पसरली. ओडेसानं तिचा दंड घट्ट धरला. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी त्या पोराला बाप्तिस्मा दिला होता, त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"कधी गेला, बाळ?"

"गुरुवारी, दुपारी तीन वाजता," व्हेलोरा म्हणाली. "मी समोरच होते."