पाचव्या मिनिटाला

ब्रेकचा लायनर काढून त्यानं गुडघ्यावर धरला आणि पॉलिश पेपरनं घासायला घेतला. मशीन रूम गच्चीवर, पत्र्याच्या दाराची. आत मोटर, तिच्यावरून खाली गेलेले पाच दोर, आणि दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. लिफ्ट तळाला नेऊन बंद केलेली. दुपारचे साडेबारा.

"काय शेठ, आज कितीला गेलं तुमचं नाणं?" उस्तादांनी पाना पुसत विचारलं.

"विचारू नका."

"अरे सांग की. मी काय मागतोय का?"

"वर होतं तेव्हा एका टोकनात आपण दोघं पोटभर जेवायचो, आठवतंय? आता एका टोकनात काडेपेटी येत नाही."

"आपली लिफ्ट बरी मग. खाली गेली की वर तरी येते."

हा विनोद आठवड्यातून दोनदा व्हायचा. तरी उस्ताद दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखे हसायचे. मग ते डबा घेऊन सावलीच्या बाजूला गेले. त्यानं लायनर बाजूला ठेवला, हात पुसले आणि फोन काढला.

साइट ओस पडली होती. लोक तिथे लेख लिहायचे, बाकीचे मत द्यायचे, आणि प्रत्येक मतामागे लिहिणाऱ्याच्या खात्यात टोकन, म्हणजे तीच नाणी, पडायची. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचं मत जड. दिवसाला दहा मतं पूर्ण वजनाची, त्यानंतर वजन उतरत जायचं. त्यामुळे मत कोणाला द्यायचं हा हिशेब होता. भाव चढला तसं त्याचं एक मत त्याच्या दिवसभराच्या पगाराएवढं झालं, आणि मग हिशेब आणखीच काटेकोर झाला. ओळख ना पाळख असे लोक मत विकत मागायला यायचे. तो विकायचा. त्यात लपवायचं काय? सगळेच विकायचे.

वाचत मात्र कोणी नव्हतं. लेख आल्यावर लवकर मत टाकलं तर टाकणाऱ्यालाही वाटा मिळायचा, आणि सगळ्यांत चांगला वाटा पाचव्या मिनिटाला. पाच मिनिटांत वाचायचं कधी आणि ठरवायचं कधी? म्हणून त्यानं बॉट लावला, आपोआप मत देणारा प्रोग्रॅम. यादीतल्या माणसाचा लेख आला की बॉट पाचव्या मिनिटाला मत द्यायचा. खाली एक ओळ लिहायचा, 'सुंदर लिहिलंय. असंच लिहीत राहा.' त्या ओळीला कोणी उत्तर दिलं, तर त्या उत्तरालाही एक छोटं मत द्यायचा, म्हणजे माणूस खूश.

आता विकत घ्यायला कोणी नव्हतं. दहाच्या दहा मतं रोज पडून. त्यानं यादी उघडली, नावं उडवत गेला. मधेच ताईचं नाव आलं. पुढे बॉटनं द्यायच्या मताचं वजन लिहिलेलं, एक टक्का.

सुरुवातीला तिला शंभर होते. तिला लिहायला लावलं होतं त्यानंच. भाव चढल्यावर त्यानं दहा केले, मग एक. तेव्हा तिचा फोन आला होता. "बाळ्या, माझं काही चुकीचं लिहिलं गेलं का रे?" तो म्हणाला होता, "नाही गं, सिस्टीम आहे ती. आणि दिवसा फोन करत जाऊ नकोस, मी वर दोरांपाशी असतो. तुझं वाचतो ना मी सगळं."

त्यानं एकाचे परत शंभर केले. बरं वाटलं. आणि लगेच तिला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. मागे शिलाई मशीनची घरघर. ती एका दुकानात कपडे मापात बसवून द्यायची, कोणाची पँट आखूड, कोणाची कंबर सैल.

"ताई, लिहायचं का बंद केलंस? सव्वा वर्ष झालं. लिही ना परत. आता शंभर टक्के देतो तुला."

"आता कसे काय?"

"अगं, भाव पडलाय ना. आता कोणालाही दिले तरी काय फरक पडतो?"

मशीन थांबलं. बोलून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय. ठेवते."

मग काही करायला नव्हतं म्हणून, आणि थोडं टोचलं म्हणूनही, त्यानं तिचं पान उघडलं. एकशे बासष्ट लेख. वरचा, म्हणजे शेवटचा, त्यानं उघडला.

'बाबा आता भिंतीकडे तोंड करून झोपतात.'

बाबा शेवटी ताईकडे होते. त्याच्याशी बोलणं तुटलेलं. कारण एवढंसंच. जेवताना बाबा म्हणाले होते, बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघावं, मोबाइलकडे नाही. आणि तो म्हणाला होता, तुमच्या तोंडाकडे बघून पोट भरत नाही. ताट तसंच ठेवून बाबा उठले होते. ते गेले तेव्हा भावजींचा फोन आला, शनिवारी सकाळी. तो धावत गेला. दारात ताई एवढंच म्हणाली, "आलास." तेव्हापासून ती त्याच्याशी परक्या माणसाशी बोलावं तशी नीट बोलायची. त्याला वाटलं, दुःख आहे, उतरेल.

तो वाचायला लागला.

'डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलंय, त्याला फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, यायचं तर स्वतःच्या मनानं येऊ दे. मी हो म्हटलं. पण लिहायचं नाही असं काही ते बोलले नाहीत. म्हणून लिहिते. भिंतीकडे तोंड असतं, पण जिन्यावर पाय वाजला की मान वळते. मी म्हणते, शेजारचे आहेत बाबा. ज्यानं वाचायचं तो वाचतोच. त्याला कळेल.'

खाली त्याचं मत. एक टक्का, पाचव्या मिनिटाला. त्याखाली त्याची ओळ.

'सुंदर लिहिलंय. असंच लिहीत राहा.'

त्याखाली ताईचं उत्तर. 'गुरुवारी तुला सुट्टी असते. येशील ना?' पुढे त्याचं मत, एक टक्का.

बुधवारचं उत्तर. 'तुझं मत आलं, म्हणजे हो. बाबांना सांगितलं तू येतोयस. बोलले काही नाहीत. पण दाढी करून मागितली.' एक टक्का.

गुरुवार, संध्याकाळी सहा. 'अजून दाराकडे तोंड करून बसलेत.' एक टक्का.

पुढे काही नव्हतं.

त्यानं लायनर उचलला. पॉलिश पेपरनं घासायला लागला. तो आधीच घासून झालेला होता. बोटाचं टोक सोललं तेव्हा थांबला. रक्त आलं, ते पँटला पुसलं. मग परत फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं होतं. ताई, मी ते वाचलंच नव्हतं. बॉट होता तो. वाचलं असतं तर मी काम टाकून आलो असतो. खरंच आलो असतो.

"आता काय?" ताई म्हणाली. चिडून नाही.

"ताई, तो तुझा शेवटचा लेख..."

"राहू दे रे."

"नाही, ऐक ना. मला एक सांगायचंय."

"मीच सांगते." मशीन बंद होतं. कापडावर कात्री चालल्याचा आवाज येत होता, कर्र कर्र. "हे मला म्हणायचे, वेडी आहेस, त्या साइटवर कोण कोणाचं वाचतं? सगळी पैशाची माणसं. मी म्हणायचे, बाकीच्यांचं मला माहीत नाही, माझा भाऊ वाचतो. पाच मिनिटं झाली की त्याचं मत आलंच. रात्री टाका, सकाळी टाका. बाबांचं करता करता जीव नकोसा व्हायचा बाळ्या. मग बसायचे, लिहायचे, आणि पाच मिनिटं थांबायचे. तुझं मत आलं की उठून भांडी घासायचे. तू एक टक्का केलास तेव्हाही म्हटलं, वाचतोय ना, बास."

त्यानं सोललेलं बोट पँटला दाबून धरलं.

"एकशे बासष्ट वेळा आलास. एकदा नाही आलास. मी मनाला तेच सांगते." कात्री थांबली. "वाचला होतास ना पण?"

गच्चीवर उस्ताद डब्याचं झाकण लावत होते. लागत नव्हतं, म्हणून हातानं ठोकत होते.

"वाचला होतास ना रे?"

"हो," तो म्हणाला. "वाचला होता."

"मग?"

"कामात होतो."

"हं," ताई म्हणाली. "मीही बाबांना तेच सांगितलं."

फोन तिनंच ठेवला.

उस्ताद आत आले. "चला शेठ, लावा लायनर. खाली दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उभ्या आहेत, शिव्या घालतायत. बोटाला काय केलंस?"

"काही नाही."

"पट्टी बांध."

त्यानं लायनर बसवला. उस्तादांनी नट आवळले आणि मेन स्विच वर केला. मोटर गुरगुरली, दोर हलले, खालून दार आपटल्याचा आवाज आला. दोघी म्हाताऱ्या चढल्या असणार.

मग त्यानं यादी परत उघडली. ताईच्या नावापुढचं शंभर खोडलं आणि नावच बॉटमधून काढलं. आता तिनं लिहिलं तर पाच मिनिटांच्या आत वाचून मत स्वतःच्या हातानं द्यावं लागणार होतं. वेळ चुकली तर तिला कळणार होतं. तिच्या लेखासाठी त्यानं फोनला घंटी लावली, मोठ्या आवाजाची, मोटरच्या आवाजातही ऐकू येईल अशी. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

"कोणाची वाट बघतोस?" संध्याकाळी सामान आवरताना उस्तादांनी विचारलं. "चौथ्यांदा बघतोयस फोन. भाव वर चाललाय का?"

"नाही."

घंटी त्या दिवशी वाजली नाही. गुरुवारी त्याला सुट्टी होती. त्या दिवशी तो फोन समोर ठेवून घरीच बसून राहिला.