आवक तारीख

“पत्र हातात कधी पडलं, काका?” वकीलबाईंनी विचारलं.

शिक्केकाकांनी फाइल पुढे सरकवली. कागद स्वतः बोलतो, अशी त्यांची बत्तीस वर्षांची श्रद्धा. नाव त्यांचं वेगळंच होतं, पण सगळी नोकरी पालिकेच्या आवक-जावक टेबलावर काढल्यावर ते कोण लक्षात ठेवणार? निवृत्त होताना तारखेचा जुना रबरी शिक्का त्यांनी घरी आणला आणि बहिणीच्या खुशालीच्या पत्रावरसुद्धा तो उमटू लागला.

मोफत कायदा मदतीच्या या खोलीत पोचायला तीन मंगळवार बाकावर काढावे लागले होते. भांडण त्यांच्याच पालिकेशी होतं. चार वर्षांपूर्वी काकूंचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून त्यांना उठवायला, न्हाऊ घालायला पालिकेची मदतनीस रोज सकाळी येई. मग एक तपासनीस आला. उशांना टेकवून ठेवलेल्या काकूंकडे त्याने दारातूनच पाहिलं, “बसतात की छान,” म्हणाला आणि गेला. मदतनीस लगेच बंद झाली. कारण सांगणारं पत्र मागाहून सावकाश आलं. एकाहत्तर वर्षांचे काका एकटेच काकूंना उचलू लागले. मागच्या महिन्यात दोघंही न्हाणीघरात पडले आणि शेजारीण येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून होते.

हे ऐकून बाई म्हणाल्या, केस भक्कम आहे. न तपासता, न विचारता घेतलेला निर्णय टिकत नाही, मदतनीस परत मिळेल. काका कितीतरी दिवसांनी हसले. मग बाईंनी पत्रावरचा आवकेचा शिक्का वाचला आणि कॅलेंडरवर बोट फिरवलं.

“आज एकशेचौथा दिवस आहे. आव्हान द्यायची मुदत नव्वदची.”

“मला पत्र मिळून दोनच महिने झालेत, मॅडम.”

“मग हा शिक्का कुणी मारला?”

काका खालच्या आवाजात सांगू लागले. टेबलाची एक रीत होती. कागद कितीही दिवस पडून राहो, जाताना तारीख जुनीच घालायची आणि येताना कागदावर असेल तीच आवकेची. म्हणजे वरून कुणी उशीर विचारत नाही. हे पत्र चाळीस दिवस उशिरा निघालंय, हे त्यांनी पाकिटावरच्या पोस्टाच्या छापावरून लगेच ओळखलं होतं. आपल्या हाताखाली शिकून आता त्या टेबलावर बसणारी मुलगी तयार झाली, म्हणून बरंही वाटलं होतं. आणि हात सवयीने शिक्क्याकडे गेला होता, पत्रावरचीच जुनी तारीख आवकेची म्हणून उमटली होती.

नोटीस कालच मिळाली म्हणत किती माणसं त्या टेबलाशी आली असतील. एक बाई तर कडेवर मूल घेऊन रडली होती. काकांनी तिच्यापुढे रजिस्टर फिरवून धरलं होतं, “जावक बघा, बाई.” नंतर ते डबा खायला गेले होते. ती बाई आज आठवली, आणि काकांना मान वर करवेना.

“याची झेरॉक्स पालिकेला दिलीत?”

“तक्रारीला जोडली. सत्यप्रत म्हणून सही केली.”

बाईंनी डोळे मिटले. मोफत वकील द्यायचा की नाही, ते कायदा मदतीचं मंडळ ठरवतं. जिंकण्याची आशा नसेल तर ते देत नाही. “पाकीट आणा, काका. त्या छापावर मी मंडळाशी भांडते.”

काका घरी धावले. पण पाकीट होतं कुठे? कारकून पाकीट टाकत नाही, उभं कापून त्याच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या करतो. एक औषधाच्या बाटलीखाली सापडली, ‘दुपारी अर्धी गोळी’. दोन उशीखाली होत्या. छापाची चिठ्ठी औषधवाल्याकडे गेली होती, आणि तो चिठ्ठ्या रोज झाडून टाकतो. तरी काकांनी त्याच्या दुकानामागची कचऱ्याची बादली उपसली. लोक बघत होते.

नवव्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. मुदत उलटल्यामुळे यशाची शक्यता नाही, सबब वकील देता येत नाही. पत्रावरची तारीख आठवड्यापूर्वीची होती.

“काय म्हणतायत?” काकूंनी अर्ध्या तोंडाने विचारलं.

“बघतो म्हणालेत.”

काकांनी शिक्का काढला. त्याची चाकं अंगठ्याने एकेक फिरवत आजच्या दिवसावर आणली आणि शिक्का मारला. पाकीट त्यांनी कापलं नाही. दोन्ही बाजूंनी बघून, सपाट करून काकूंच्या उशीखाली ठेवलं. मग बाह्या सारून, गुडघे टेकून, काकूंच्या काखेत हात घातले.

“धर गं मला घट्ट,” ते म्हणाले. तिला धरता येत नव्हतं.